अर्ध्या ओळीसाठी अल्लीपूरपर्यंत

वर्ध्याला कोण फिरायला जातं, असं आमच्या इचलकरंजीत ज्याला-त्याला वाटत होतं. सेवाग्राम बघायला जातात की, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं कारण सांगितलं असतं तर आईने बॅग पुन्हा कपाटात ठेवली असती. मी बोंडअळीला भेटायला चालले होते.

बोंडअळी म्हणजे वर्ध्याच्या नालवाडीचा रॅपर. खरं नाव सुमेध. दिवसा औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात गाणी लिहितो. मी शाळेत संगणक शिकवते आणि उरलेल्या वेळात बीट बनवते, म्हणजे ज्या ठेक्यावर रॅपर बोलतात तो ठेका. माझे ठेके यंत्रमागाच्या खडखडाटातून येतात, कारण आमच्या गल्लीत दुसरं काही ऐकूच येत नाही. आम्ही दोघांनी कितीतरी गाणी फोनवर आणि ईमेलवर केली होती, पण समोरासमोर कधी भेटलो नव्हतो.

या खेपेला भेटणं भाग होतं. सुमेधने मला एक छोटं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्याच्या आईच्या माहेरी, अल्लीपूरला, विहारात भोजनदानाचा स्वयंपाक चालू असताना शेजारच्या सुलाकाकू गुणगुणत होत्या, ते त्याने मोबाइलवर टिपलं होतं. ‘शाळेच्या वाटनं लेक माही चालली.’ पुढे कुणीतरी मीठ मागितलं आणि रेकॉर्डिंग तिथेच संपलं. मी त्यातला ‘लेक माही चालली’ हा तुकडा कापला, पुन्हापुन्हा फिरता ठेवला आणि खाली माग लावले. त्या एका तुकड्यावर सुमेधने त्याच्या पहिल्या अल्बमचं मुख्य गाणं लिहिलं. रविवारी वर्ध्यात कार्यक्रम होता आणि पोस्टरवर त्या गाण्याचं नाव छापूनही झालं होतं. काकूंना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या या दुनियेत सहसा कुणी विचारत नाही, जुना आवाज सापडला की उचलायचा आणि पुढे जायचं. सुमेध हटून बसला. परवानगी मागायची, तीही फोनवर नाही, तर समोर बसून आणि दोघांनी मिळून. काकू नाही म्हणाल्या तर गाणं रद्द. मी हो म्हटलं आणि तिकीट काढलं.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी थेट वर्ध्याला सोडते. दुपारी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण थंडीत जाणार असाल तर जाड पांघरूण घ्या. पहाटे मी जवळचे सगळे कपडे एकावर एक चढवून बसले होते. अकोला मागे पडलं तसा खिडकीबाहेर कापूस दिसायला लागला, शेतात, ट्रॉल्यांवर, अगदी रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेलासुद्धा. आमच्याकडे तो सूत होऊनच येतो. झाडावर मी पहिल्यांदाच बघत होते.

गाण्यातल्या त्या भारी आवाजावरून मी कुणी पहिलवान येईल असं धरून चालले होते. स्टेशनवर आला तो माकडटोपी घातलेला किडमिडीत माणूस. त्याने आधी माझी बॅग घेतली आणि मग विचारलं, “ताई, जेवली काय?” मी नाही म्हटल्यावर त्याने थेट पोह्यांच्या गाडीवर नेलं. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. कोल्हापूरकडच्या माणसाला तिखट काय शिकवणार, अशा ऐटीत मी दुप्पट तर्री मागितली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सुमेध सभ्यपणे दुसरीकडे बघत होता.

तिथेच त्याची गोष्ट कळली. कॉलेजात असताना तो नागपूरला पहिल्यांदा रॅपच्या सामन्यात उतरला. त्यात दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांची शब्दांनी धुलाई करतात. याने ‘मले’, ‘तुले’ म्हणताच लोक हसायला लागले. मग त्याने मुंबईची हिंदी घोकली, न पाहिलेल्या गल्ल्यांवर गाणी केली आणि ती कुणीच ऐकली नाहीत. शेवटी वैतागून आईच्या बोलीत एक गाणं लिहिलं, ते तालुक्या-तालुक्यांतून फिरलं. कापूस पोखरणाऱ्या किडीचं नाव, बोंडअळी, का घेतलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, “ते आत राह्यते ताई. बाहेरून बोंड चांगलंच दिसते.”

नालवाडीला शेअर रिक्षाने जाता येतं. सुमेधचा स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली. भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या बांधलेल्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही. पाहुणा आला की त्यातली एक सोडून खाली अंथरतात. त्याच्या आईने माझ्यासाठी सगळ्यांत जाड गादी काढली आणि स्टुडिओची एक भिंत उघडी पडली. सुमेध कुरकुरला, तर आई म्हणाली, तुझं गाणं एक दिवस थांबेल, पोरीची पाठ थांबणार नाही. त्या गादीवर मला जी झोप लागली तिच्यासाठी मी त्या माउलीची कायमची ऋणी आहे.

सकाळी वर्धा बसस्थानकावरून अल्लीपूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, विसरू नका. दोन्हीकडे तूर आणि कपाशी, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे. सुमेध वाटभर पिशवीतला स्पीकर चाचपत होता. मी मात्र निर्धास्त होते. एवढं सुंदर गाणं ऐकून कोण नाही म्हणेल, असा माझा हिशोब होता.

सुलाकाकूंचं घर विहाराला लागूनच आहे. साठीच्या आसपासच्या, सडसडीत बाई. चहा आला, माझ्या गावाची चौकशी झाली, आणि मग सुमेधने छोटा स्पीकर बाजेवर ठेवून गाणं लावलं. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लाव. मी मनातल्या मनात सत्काराची शालसुद्धा पांघरून घेतली.

दुसऱ्यांदा संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, “सुमेध, हे पोरगी पोचते कवा रे?”

आम्हाला काही कळलं नाही.

“माह्या गाण्यात ते फळ्यापाशी पोचते. इथं नुसती चालूनच राह्यली. ऐकणाऱ्याले वाटन, गेली बिचारी. माही लेक हिंगणघाटले मास्तरीण आहे, चांगली जित्ती-जागती. नाई बाप्पा. हे नोको वाजवजो.”

गाणं दु:खीच होतं. गावं रिकामी होतात, माणसं निघून जातात, असंच सुमेधने लिहिलं होतं, आणि ओळ मधेच कापून तो दु:खी सूर मीच माझ्या हाताने तिच्यात आणला होता. उरलेली ओळ कुठे जाते, हे आम्हा दोघांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. सुमेध शांतपणे म्हणाला, “तुमी नाई म्हनलं तं नाई, काकू.” त्याने स्पीकर बंद करून पिशवीत टाकला. त्याक्षणी मला त्याचा रागही आला आणि आदरही वाटला.

नाही म्हटलं म्हणून जेवायला वाढायचं राहिलं, असं तिकडे होत नाही. ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी, ज्वारीची भाकर आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या. जेवताना धीर करून विचारलं, ती मुलगी फळ्यापाशी पोचते कशी? काकूंनी ओळ नुसतीच बोलून दाखवली, ‘उन्हाच्या आंधी बाई फळ्यापाशी पोचली,’ म्हणजे ऊन चढायच्या आधीच. लेक लहान असताना पहाटे काम करता-करता त्यांनीच ती जुळवली होती. त्यांच्या आईला शाळेच्या दाराशी उभं राहून परत यावं लागलं होतं, हे त्या अगदी सहज बोलून गेल्या.

ही दुसरी ओळ गाण्यात आली तर चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोचत असेल तर चालेल. मी लगेच माईक काढला, तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. “रिकाम्या हातानं मले येत नाई वं,” म्हणाल्या आणि तुरीची डाळ पाखडायचं सूप पुढे ओढलं. डाळ वर उडाली, खाली आली, फोलपटं बाजूला पडली, आणि त्या झेलाझेलीवर दोन्ही ओळी सरळ उभ्या राहिल्या. मला ऐकताक्षणी कळलं की माझा ठेका बाद झाला. सुपाची लय संथ होती, त्यात मागांची घाई बसणारच नव्हती. कितीतरी आठवडे घासून केलेला ठेका होता तो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

निघताना काकूंनी ओंजळभर डाळ माझ्या पिशवीत ओतली आणि बजावलं, “घरी पोचली का फोन करजो.”

परतीच्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन, कानाला हेडफोन लावून माग काढून टाकत होते आणि त्यांच्या जागी सूप बसवत होते. सुमेध मोबाइलवर लिहायचा, खोडायचा. मधेच म्हणाला, “ताई, माह्यासाठी ते अर्धीच ओळ खरी होती. तिशी आली, अजून काउंटरवरच उभा आहो. पोचायचं लिहू तं काय लिहू?” ज्या घरात मी पाहुणी होते, जी डाळ पिशवीत होती, जे गाणं मांडीवर होतं, ते सगळं याच्यामुळे मला मिळालं होतं. तेच त्याला सांगितलं. त्यानंतर त्याचं खोडणं कमी झालं.

रविवारी संध्याकाळी एका शिकवणी वर्गाच्या गच्चीवर कार्यक्रम झाला. लग्नात वाजणारे बॉक्स भाड्याने आणले होते. आधी सायफर, म्हणजे रॅपर गोल करून उभे राहतात आणि पाळीपाळीने बोलतात. हिंगणघाटची, पुलगावची, आर्वीची पोरं आली होती आणि ‘मले-तुले’ला कुणी हसत नव्हतं, उलट टाळ्या तिथेच पडत होत्या. सुमेधची आई, सुलाकाकू आणि त्यांची लेक पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, हळदीकुंकवाला आल्यासारख्या नीटनेटक्या.

सूप वाजलं, पहिली ओळ आली, आणि दुसरी यायच्या आधीच समोरून त्या तिघी गायला लागल्या. सुमेधचं पहिलं कडवं हुकलं. तो माईक धरून नुसता ऐकत उभा राहिला. दुसऱ्या फेरीला त्याने सुरुवात केली तेव्हा त्यात गाव सोडून गेलेलं कुणी नव्हतं. शाळेच्या दारातून परत फिरलेल्या आजीपासून तो निघाला आणि फळ्यासमोर खडू धरून उभ्या असलेल्या बाईंपर्यंत आला. शेवटी ‘मी बी निंगालो आहो, वाट तेच आहे’ म्हणाला आणि माईक खाली ठेवला. मी भर गच्चीवर रडले. कार्यक्रमानंतर काकूंची लेक पोरांमध्ये फिरून सगळ्यांना सांगत होती, “गाण्यातली ते मीच आहो.”

घरी येऊन आता आठवडा झाला. वर्ध्याला काय बघायचं असं कुणी विचारलं तर सांगेन की तर्री जपून घ्या, अल्लीपूरला पोट रिकामं ठेवून जा आणि कुणाचा आवाज घ्यायचा असेल तर त्यांच्यासमोर बसून पूर्ण ऐका. मला तिथे खूप मिळालं. गाणं अजून फार लोकांनी ऐकलेलं नाही, पण ते खरं झालंय, आणि त्याचं श्रेय त्या ‘नाही’ला आहे.

एक मात्र राहिलं होतं. आले त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता, बॅग टाकून मी तशीच शाळेत पळाले आणि फोन करायचा साफ विसरले. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. पलीकडून आधी सुपाचा आवाज आला आणि मग काकूंचा.

“काऊन वं, पोचली काय?”

मागे माझ्याच वर्गातला फळा होता. म्हटलं, “पोचले काकू.”