मॉक ड्रिलचा पेशंट

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तिथे बनतात आणि मी प्रेस मशीनवर काम करतो. म्हशाच्या रस्त्याला आमचं गाव. घरापुरता भात पिकतो, बाकी सगळा संसार त्या प्रेसच्या ठोक्यावर. इतक्या वर्षांत त्या मशीननं मला साधा ओरखडा काढला नाही. माझं हाड मोडलं ते सुरक्षेच्या कार्यक्रमात.

त्याचं असं झालं. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. त्याआधी एक मॉक ड्रिल करून फोटो काढून ठेवायचे होते. मॉक ड्रिल म्हणजे खोटी आग, खोटी पळापळ आणि एक खोटा जखमी. आदल्या वर्षीचा जखमी स्ट्रेचरवर सारखा हसत राहिला होता, त्यामुळे एकही फोटो कामाचा निघाला नव्हता. म्हणून या खेपेला सेफ्टी साहेब सगळ्या खात्यांतून चेहरे बघत फिरले आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

"भाऊ, तुम्हीच," ते म्हणाले. "तुमचा चेहरा मुळातच दुखणं आल्यासारखा आहे."

शेजारच्या प्रेसवरचा माझा जोडीदार खदखदून हसला. तो दांडगा गडी, म्हणून स्ट्रेचरची पुढची बाजू त्याच्याकडे दिली. मागून धरायला स्टोअरमधला एक किडकिडीत माणूस.

साहेब जळगावकडचे, वयानं माझ्याहून बरेच लहान, बोलायला गोड. कंपनीनं त्यांच्याकडे सुरक्षाही दिली होती आणि पर्यावरणही. टेबल मात्र एकच, आणि माणूसही एकच.

ड्रिलच्या दिवशी मी प्रेसखाली आडवा झालो. माझा उजवा पाय मोडलाय असं ठरलं होतं. पँटवर कुंकवाचं पाणी ओतलं. भोंगा वाजला, सगळे रांगेत बाहेर निघाले. आग लागल्यावर एवढ्या शिस्तीत चालणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. मग मला स्ट्रेचरवर घालून दोघं पळत निघाले, गोदामामागच्या मोकळ्या जागेकडे. आग लागली की सगळ्यांनी तिथे जमायचं, असा हिरवा बोर्ड तिथे आहे.

आता, पावसाळ्याच्या तोंडावर पर्यावरण दिनाला झाडं लावली होती तीही तिथेच, कारण कंपनीत मोकळी जागा तेवढीच. रोपं शेळ्यांनी खाल्ली. खड्डे राहिले आणि श्रावणात त्यांच्यावर गुडघाभर गवत माजलं. माझ्या जोडीदाराचा पाय बरोबर अशा एका खड्ड्यात गेला. तो पुढे पालथा पडला, मागचा किडकिडीत माझ्यावर आला, आणि मी दोघांच्या मधून खांद्यावर आपटलो. खड्ड्याच्या कडेला सुशोभनासाठी दगड लावले होते, तेही चुना मारून.

खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. मी अशी बोंब मारली की माझी मलाच भीती वाटली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! याला म्हणतात गांभीर्य," आमचे मोठे मॅनेजर म्हणाले. "घ्या, घ्या फोटो."

प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला ऑपरेटर धावत आला आणि माझ्या उजव्या पायाला फळी बांधू लागला.

"अरे, पाय नाय, खांदा! खांदा मोडलाय माजा!" मी ओरडलो.

"खांदा नाय ठरलेला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पायच ठरलाय. गप पड ना, साहेब बघतायत."

पाय अगदी व्यवस्थित बांधला त्यानं. मला उचलून कंपनीच्या गाडीत घातलं. गाडी वाजत गाजत गेटपर्यंत गेली, तिथून वळली आणि परत गोदामापाशी येऊन थांबली. ड्रायव्हरनं मागे वळून सांगितलं, "झाली ड्रिल. उतर आता, चा आलाय."

मी उतरलो नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुडघ्यावरची माती झटकत जोडीदार गाडीपाशी आला, त्यानं वाकून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"साहेब," तो म्हणाला, "हा खरा रडतोय."

तेव्हा कुठे गाडी गेटाबाहेर पडली. मुरबाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी आधी घाईघाईनं पायाची फळी सोडली, कुंकू पुसलं, पाय वरखाली हलवून पाहिला आणि विचारलं, "याला काय झालंय?" सोबत आलेल्या साहेबांनी मान खाली घातली. "पायाला काही नाही. तो कार्यक्रमाचा भाग होता."

खांद्याचं पुढचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून मी घरी आलो. बायकोनं पँटवरचे लाल डाग पाहून हंबरडा फोडला. ते कुंकू आहे म्हटल्यावर ती अजून चिडली. "घरातलं कुकू मी जपून वापरते आनि तुमी ते पँटीवर ओतून घेता?"

दोन-तीन दिवसांनी साहेब घरी आले, केळी घेऊन. ओट्यावर बसले, चहा घेतला, भात कसा आहे विचारलं. अडचण अशी होती की गेटावर बिनअपघाताच्या दिवसांचा मोठा बोर्ड होता आणि त्यावरचा आकडा मॅनेजरांना पोटच्या पोरासारखा प्रिय होता. अपघात लिहिला तर तो शून्यावर येणार. जोडीदाराच्या बोटाचं टोक मागे प्रेसमध्ये गेलं होतं, तेव्हाही तो आकडा हलला नव्हता. जोडीदाराला आजारपणाची रजा दिली होती.

"मॅनेजर म्हणतात," शेवटी साहेब केळ्यांकडे बघत म्हणाले, "तुम्ही घरी घसरून पडलात असं लिहिलं तर..."

मी काही बोलायच्या आत बायको दारातून म्हणाली, "लिवा की. पन आमच्या घरात खड्डे नाय हो साहेब. येऊन बघा पायजे तर."

साहेबांचे कान लाल झाले. ते कसनुसं हसले. "खड्डे माझेच आहेत, वहिनी," ते म्हणाले. "झाडांसाठी खणलेत मी, आणि त्याच जागेवर माणसं पळवली तीही मीच." उठताना त्यांनी मला विचारलं, "खरं लिहू का मग?"

"लिवा," मी म्हणालो. खरं तर मला भीतीच वाटली होती. नोकरी त्यांची जाईल की माझी, याचा अंदाज येत नव्हता.

त्यांनी लिहिलं. बोर्डावर शून्य आलं. मॅनेजर त्यांच्याशी बोलेनासे झाले. माझा हात बांधलेला, म्हणून मला गेटावर पाहुण्यांना हेल्मेटं द्यायला बसवलं, त्यामुळे तपासणीवाले आले ते सगळ्यांत आधी मीच पाहिले. त्यांच्यात एक वयस्क बाई होत्या, त्या बोर्डापुढे थांबल्या.

"शून्य?" त्यांनी विचारलं. "कोणाला लागलं?"

"मला," मी म्हणालो आणि हेल्मेट पुढे केलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "आजवर मी पाहिलेल्या बोर्डांत हाच पहिला खरा वाटला," एवढंच म्हणाल्या. मग फोटोंचा अल्बम बाजूला ठेवून थेट आमच्या प्रेसवर गेल्या. हात आत गेला की मशीन थांबवणारा एक सेन्सर प्रत्येक प्रेसला असतो. आमच्याकडच्या सगळ्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. मशीन सारखी थांबली की माल कमी निघतो, म्हणून. बाईंनी पट्टी स्वतःच्या नखानं सोलून काढली आणि सेन्सर चालू होईपर्यंत प्रेस बंद ठेवायला लावल्या.

साहेबांची नोकरी गेली नाही, पण वर्ष सरायच्या आत ते स्वतःच दुसरीकडे लागले. जाताना प्रेसपाशी येऊन त्यांनी माझ्या खांद्याचं विचारलं. माझा खांदा आता ठीक आहे, फक्त भाताची पोती उचलताना बोंब मारतो. सेन्सर चालू आहेत. मशीन घडीघडी थांबते, माल पुरा होत नाही, सुपरवायझर कावतो आणि मग आम्ही सगळे मिळून त्या सेन्सरला आईबहिणीवरून शिव्या देतो. सगळ्यात जास्त शिव्या देतो माझा जोडीदार, आपल्या आखूड बोटानं तिकडे दाखवत.