भिंगाखालचा ठिपका

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे फौजदार म्हणतात, आणि ते तिला ठाऊक आहे. बेल वाजली की ती आधी दाराच्या भोकातून बघते, मग खिडकीतून, आणि समोर सख्खा भाऊ असला तरी "आज कसं काय येणं केलंस?" असं विचारते. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तरी पाणीच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या दिराने एकदा तरी सरळ उत्तर दिलंय हे तिला अजून पटलेलं नाही.

हातात मात्र कला आहे, हे मी चिडलेली असतानाही कबूल करते. ती दारावरच्या पाट्या कोरणाऱ्या दुकानात कामाला होती. तीन वर्षांपूर्वी ते बंद पडलं, तेव्हा तिथलं छोटं लेझर मशीन तिने घरी आणलं. कपडे धुण्याचं मशीन गॅलरीत गेलं आणि त्याच्या जागी हे बसलं. धुरासाठी खिडकीतून पाइप काढला. डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून ती पितळेच्या चकतीवर चित्र कोरते, कोरलेल्या खळग्यांत मिन्याचे रंग भरते, छोट्या भट्टीत भाजते, घासते, आणि छातीवर लावायचा बिल्ला तयार होतो.

बिल्ल्याच्या मागची सुई रंग भरण्याआधी जोडावी लागते, नाहीतर तापल्यावर रंग सुटतो. ते काम फौजदारबाईंना जमत नाही, सुई डाखायची सोल्डरची तापलेली कांडी तिला धरवत नाही. म्हणून निम्म्या चकत्या माझ्याकडे आणि निम्म्या दिराकडे. मी सुई मधोमध नाही, जरा वर जोडते. मग बिल्ला कपड्यावर मान टाकत नाही.

गेल्या महिन्यात एका शाळेची ऑर्डर आली. मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या, शिक्षकांना बेचाळीस बिल्ले हवे होते. छत्री धरलेला बगळा. बाईंना कार्यक्रमापर्यंत पत्ता लागू द्यायचा नव्हता, त्यामुळे कुणाला दाखवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. फौजदारबाई खूष.

कार्यक्रमाला चार दिवस असताना ती औषधं आणायला गेली आणि परत आली ती थेट मशीनच्या खोलीत शिरली. त्या दिवसापासून माझ्याकडे चकत्या येईनात. मी खोलीत गेले की कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला नवं कुलूप दिसलं, तेव्हा माझा पारा चढला.

"काय झालंय ते तोंडाने सांग," मी म्हटलं.

"औषधांच्या दुकानात काउंटरवर ती बाई असते ना, ताई, तिच्या एप्रनवर आपला बगळा आहे."

"मग विचारायचं तिला, कुठून आणला."

"विचारलं तर सावध होतील. 'छान आहे' असं म्हणत जवळून बघितला. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या भिंगातून. छत्रीच्या दांड्यापाशी एक ठिपका आहे."

"कसला ठिपका?"

मग ते बाहेर आलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चकतीवर ती केसाएवढा एक ठिपका कोरत होती. नवऱ्याकडे जाणाऱ्यांवर दोन. माल बाहेर फुटला तर कुणाकडून फुटला ते कळावं म्हणून. पहिल्या दिवसापासून, तीन वर्षं.

मला फार लागलं. तिच्या बाळंतपणात दोन महिने मी तिचं सगळं केलंय. त्या हातांवर तिने खूण करून ठेवली होती, आणि मी भाबडेपणाने सुई जरा वर लावत बसले होते.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

दुकानात गर्दी नव्हती. मी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, "हा बिल्ला आम्हीच केलाय. जरा मागून बघू द्याल?" त्यांनी काढून दिला. मी तो उलटा करून जावेसमोर धरला. सुई बरोब्बर मधोमध होती, आणि सोल्डरने नव्हे, गोंदाने चिकटवलेली. आमच्या घरात गोंद एकच माणूस वापरतं, ज्याला सोल्डर जमत नाही ते.

"माझ्या बहिणीने दिला," बाई म्हणाल्या. "शाळेत शिकवते. ऑर्डर द्यायच्या आधी नमुना मिळाला होता म्हणे."

नमुना जावेने स्वतःच कोरला होता, माझ्या चकत्यांच्या, एका ठिपक्याच्या फाइलवरून, आणि स्वतःच्या हाताने शिक्षिकेला दिला होता. भिंगातून तिने फक्त पुढची बाजू बघितली. मागे वळवून बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

घराशी आल्यावर ती म्हणाली, "चुकलं माझं, ताई." असं म्हणताना मी तिला प्रथमच ऐकलं. मी "असू दे" म्हटलं, आणि ते खोटं होतं.

या आठवड्यात नव्या ऑर्डरच्या साठ चकत्या घेऊन ती स्वतः माझ्या खोलीत आली. "ठिपका काढून टाकलाय. फाइलमधूनच." डबा ठेवून ती चहा टाकायला गेली. किल्ल्यांचा जुडगा टेबलावरच विसरली होती, भिंगासकट.

फौजदारबाई शंभर प्रश्न विचारतील, पण खोटं बोलणार नाहीत. हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे. तरी मी उठून दार लोटून घेतलं आणि एकेक चकती भिंगाखाली धरली. साठांपैकी एकीवरही ठिपका नव्हता. मग मी पहिल्या चकतीपासून पुन्हा बघायला घेतलं.