चौसष्ट अक्षरं

मानवतच्या स्टँडसमोरचा हा कॉम्प्युटरवाला कधी हसत नाही. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, की ते अस्सल आहे का बघायला तो फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा कोड मोठ्यानं वाचतो. गिऱ्हाइकानं मोबाइलवर मूळ साइटवरचा कोड बघत प्रत्येक अक्षराला 'हो' म्हणायचं. मागं एका बनावट फाइलीनं आमच्या शाळेचे निकाल पुसले होते, तरी मी कंटाळून नुसतं हो-हो करत होतो.

तो थांबला. "सर, हे अक्षर म्या मुद्दाम चुकीचं वाचलं. तुमी हो म्हणलाव. चला, पहिल्यापासून."

दुसऱ्या फेरीत पन्नाशीपुढं मी ओरडलो, "नाही! सात आहे तिथं!"

तो हसला. "हे बी म्या मुद्दामच चुकवलं. आता तुमच्या 'हो'वर भरोसा हाय," म्हणाला, आणि पुढचं अक्षर वाचलं.