बायो–३ ची कॅसेट

माझ्या मामानं माझं नुकसान केलं, असं मी तीस वर्षं म्हणत आलोय. मामा मेला तरी म्हणत होतो. नांदेडात प्लॉटच्या व्यवहारात मला कोणी गंडवलं तर त्याचा हिशेब मी महिन्याभरात चुकता करतो. मामाचा राहिला.

मी सतरा वर्षांचा होतो. देगलूरच्या मास्तराचा मुलगा. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून वडिलांनी लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासला घातलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि ज्याच्या घरी न्हाणीघरापेक्षा मोठी खोली होती तो ती पोरांना भाड्यानं देत होता. आमच्या खोलीत दोन खाटा मावत होत्या. दुसऱ्या खाटेवर तो असायचा. औशाच्या पलीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याचं माझ्यावर. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. तेव्हा आम्हाला त्यासाठी शब्द नव्हता. होती ती एक कडी, जी आम्ही आतून लावून घ्यायचो.

त्याचं पाठांतर कच्चं होतं. त्यावर त्यानं उपाय काढला. घरून बापाचा टेपरेकॉर्डर आणला आणि धडेच्या धडे स्वतःच्या आवाजात भरून ठेवले. जेवताना, दाढी करताना तो स्वतःचाच आवाज ऐकायचा. त्याची दाढी म्हणजे काय, हनुवटीवरचे दहा केस. मी चिडवायचो, "स्वतःवर लई खूश हायेस." तो म्हणायचा, "तू कुठं खूश करतोस?" कॅसेटींवर विषय आणि नंबर टाकलेले असायचे. केमिस्ट्री एक, केमिस्ट्री दोन, बायो तीन.

गणपती विसर्जनाला त्याला गावी जायचं होतं. त्यांच्या गल्लीच्या मंडळात तो ताशा वाजवायचा. दोन दिवसांवर टेस्ट होती. त्यानं विचारलं, "जाऊ का?" मी तेव्हाही असाच होतो, फुकट काही देत नव्हतो. म्हटलं, "जा. पण आल्यावर तीन दिवस माझी भांडी घासायची." तो म्हणाला एक दिवस. दोन दिवसांवर सौदा पटला. "सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो," म्हणाला आणि गेला.

विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली. लातुरात आम्ही सगळे चड्डी-बनियनवर रस्त्यावर आलो, आणि घर पडलं नाही म्हणून पोरं हसायला लागली. दुपारपर्यंत हसणं थांबलं. गावंच्या गावं गेली असं ऐकू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी एका ट्रकवर बसून तिथवर पोहोचलो. जिथं त्यांचं घर होतं तिथं दगडमातीचा ढीग होता आणि वर एक कुत्रं बसलं होतं. त्याला, त्याच्या आईला आणि बहिणीला आदल्या दिवशीच एका सरणावर दिलं होतं. बाप शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला.

महिन्यानं त्याचा बाप लातूरला आला. सरकारी पत्र्याच्या शेडमधून. मुलाचं सामान न्यायला. मी पुस्तकं दिली, कपडे दिले, टेपरेकॉर्डर दिला. त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून आत पाहिलं. आत काही नव्हतं.

"लेकरा, कॅसेटी व्हत्या ना? त्याचा आवाज भरलेल्या?"

"होत्या," मी म्हणालो. "पोरांनी नेल्या. त्यावर गाणी भरली."

"एखांदी बी न्हाई?"

"न्हाई."

तीन कॅसेटी माझ्या उशीच्या खोळीत होत्या. तो झाकण लावून, टेपरेकॉर्डर काखेत धरून पायऱ्या उतरला. मला वाटलं, तुमच्याकडे तो सोळा वर्षं होता, माझ्याकडे सव्वा वर्ष. तुमचं झालं. आता माझा वाटा.

माझी जेवणावरची वासना गेली. मी खोलीत झोपेना, गच्चीवर झोपायला लागलो. थंडी पडली तरी उतरलो नाही. क्लासच्या सरांनी वडिलांना पत्र टाकलं, की मुलानं भूकंपाची धास्ती घेतली आहे. त्या हिवाळ्यात अर्धा जिल्हा अंगणात झोपत होता, म्हणून कोणालाच वेगळं काही वाटलं नाही. मला छताची भीती नव्हती. छताखाली त्याची खाट होती, म्हणून मी वर होतो. पण धास्ती हे कारण आयतंच मिळालं होतं, आणि मी ते पांघरून घेतलं.

आईनं अंगारे-धुपारे केले. डॉक्टरनं हवापालट करा म्हणून सांगितलं. आईचा धाकटा भाऊ मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. आईनं त्याला कळवलं आणि वडिलांना म्हणाली, "तिथं धाडू याला. तिथली जमीन हालत न्हाई म्हणं." आमच्या घरात हा विचार कोणालाच विचित्र वाटला नाही. पोरगं जमिनीला भ्यालंय, तर त्याला न हलणाऱ्या जमिनीवर नेऊन ठेवायचं. परीक्षा सोडून मी फेब्रुवारीत विमानात बसलो. शेजारच्या पोरांच्या टेपवर सतत वाजवून दोन कॅसेटी गुंतून तुटल्या होत्या. तिसरी खिशात होती. बायो–३.

मस्कतचे डोंगर उघडेबोडके. आमच्याकडच्या माळाला निदान कुसळं तरी असतात. मामा-मामी दोन खोल्यांत राहायचे. मूलबाळ नव्हतं. मामा मला समुद्रावर घेऊन जायचा, पाय पाण्यात सोडायला लावायचा आणि विचारायचा, "हाललं का काही?" मी नाही म्हणायचो. "मग? आता घाबरायचं न्हाई." सकाळी दोघं कामावर गेले की मी मामाच्या टू-इन-वनमध्ये कॅसेट घालायचो. तो पेशीविभाजन सांगायचा. मध्येच खोकायचा. एका जागी बाहेरून भंगारवाल्याची हाळी यायची, आमच्या लातूरच्या गल्लीतली. मी जेवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मामीच्या एका विनोदाला हसलो. मामीनं लगेच मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "बघ, म्हटलं न्हवतं?"

आखातातली आपली माणसं तेव्हा पत्रं कमी लिहायची, कॅसेट भरून पाठवायची. अर्धा-पाऊण तास बोलायचं आणि गावाकडे निघालेल्याच्या हाती द्यायची. घरी सगळी गल्ली ऐकायला जमायची. एका गुरुवारी उदगीरचा एक माणूस अचानक निघाला. मामाकडे कोरी कॅसेट नव्हती. कॅसेटीच्या वरच्या बाजूला दोन बारीक प्लास्टिकची टोकं असतात. ती मोडून टाकली की त्यावर कोणाला काही भरता येत नाही. हे मला माहीत होतं. मी मोडली नव्हती. त्याच्या हातानं आणलेल्या वस्तूचं काही मोडायचं नाही, असला तेव्हाचा खुळचटपणा.

मी बाजारातून मामीबरोबर परत आलो तर मशीन उघडं होतं.

"मामा, माझी कॅसेट?"

"धाडली की. ताईला खुशाली भरून धाडली. तुझीच खुशाली हाय निम्मी. जेवतोस, हसतोस."

"तिच्यावर भरलं होतं."

"अभ्यासाचंच व्हतं ना? परत भर. मी दोन कोऱ्या आणून देतो."

मी टू-इन-वन उचललं आणि फरशीवर आपटलं. मग बोललो. सगळं. तो आवाज कोणाचा होता, तो माझा कोण होता, खोलीची कडी, सगळं. मामी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मामा खाली बसून प्लास्टिकचे तुकडे गोळा करत होता. करत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "हे तू बोलला न्हाईस आणि मी ऐकलं न्हाई. ताईपाशी यातला एक शबूद काढलास तर माझं तोंड बघू नको." थोड्या वेळानं म्हणाला, "बरं झालं पुसलं ते. मेलेल्याचा आवाज उशाला घिऊन माणूस माणसात येत नसतो."

बरं झालं. हे दोन शब्द मी त्याला कधी माफ केले नाहीत.

गावी परत निघताना विमानतळावर मी फक्त विचारलं, "पूर्ण भरली का?" मामा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बोललो. शेवटी थोडी उरली आसंल. मला काय बोलायला सुचतंय यवढं?"

देगलूरला पोहोचलो तेव्हा कॅसेट माझ्या आधी घरात आली होती. शेजाऱ्यांचा टेप आणून, अर्धी गल्ली जमवून आई ती ऐकत होती. "बरं ताई, ठेवतो आता," असं मामा म्हणाला की ती डोळे पुसायची आणि बटण दाबून बंद करायची. लगेच. पुढं जाऊच द्यायची नाही. मी म्हणालो, "ती कॅसेट माझी आहे. दे." माझा आवाज चढला होता. समोरच्याला आपली गरज दिसली की भाव त्याच्या हातात जातो, हे मी तिथं शिकलो. आई म्हणाली, "माझ्या भावाचा आवाज हाय त्याच्यात. तुला काय करायचीय?" मग ती बोलली, "बारावी काढ, मेडिकलला लाग, मग ने." आणि पेटीला कुलूप लावून चावी कनवटीला खोचली.

मेडिकलला लागलो नाही. मग मी दुसऱ्यांदा मागितलीही नाही. दुसऱ्यांदा मागणारा माणूस सौद्यात मेलेला असतो. याच नियमावर मी नांदेडात जमिनी घेतल्या, विकल्या, घर बांधलं. लग्न केलं नाही. नातेवाइकांनी विषय काढला की असा अंगावर जायचो की ते परत काढत नसत. शेवटी काय उरलंय ते ऐकायला मी त्या पेटीचं कुलूप कधीही फोडू शकलो असतो. फोडलं नाही. तिनं आपणहून द्यावी, म्हणून सव्वीस वर्षं अडून बसलो.

मग मामा गेला. आई माझ्याकडे नांदेडला राहत होती, तिला दिसायचं कमी झालं होतं. तेराव्यानंतर ती म्हणाली, "त्याचा आवाज आइकव." मी जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला. दुकानदाराशी घासाघीस केली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. आईनं पेटीतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. लेबलवर त्याच्या अक्षरात बायो–३.

मामा बोलला. पाऊस नाही, डाळ महाग, पोरगं जेवतंय, हसतंय. "बरं ताई, ठेवतो आता." आईचा हात बटणाकडे गेला, पण तिला बटण सापडेना. मी दाखवलं नाही. खरखर झाली. मग:

"प्रोफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज..."

"मेटाफेज तुझ्या बापानं खाल्ला का? येड्या, परत म्हण! किती वेळा सांगायचं?"

"वरडू नको रे. टेप चालू हाय."

टक्. संपली.

इतकंच उरलं होतं. त्याचे तीन शब्द, दोन वाक्यं, आणि मध्ये मी. मामानं बाकी सगळं पुसलं आणि माझं खेकसणं तेवढं ठेवलं.

आई म्हणाली, "किती वरडतोस रे लेकराच्या अंगावर. कोन व्हता ह्यो?"

"माझ्या खोलीतला. भूकंपात गेला."

ती माझ्या दिशेनं बघत राहिली. तिला काय दिसत होतं कोणास ठाऊक. "म्हनून तू तवा मागत व्हतास," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "त्याच्या घरचं कोन हाय का?"

"बाप होता."

"त्याला आइकवलं का हे?"

मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळायला लागलो.

"मागितली व्हती का त्यानं?"

"हाव."

आईनं चाचपडत झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि माझ्यापुढं धरली. कुठली अट घातली नाही. "घे. माझ्या भावाचा आवाज राहू दे त्याच्यात. त्या मानसाला निऊन दे."

मी घेतली. त्याच दिवशी सुरीच्या टोकानं वरची दोन्ही टोकं मोडून टाकली. चौकशी केली. म्हातारा अजून आहे, नव्या गावठाणात पुतण्यांकडे राहतो. नांदेडहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाच्या आत पोहोचता येतं. आई दर आठवड्याला विचारायची, "दिलीस का?" मी म्हणायचो, "कामं लई हायत." आता ती विचारत नाही. ती गेल्यालाही दोन वर्षं झाली. कॅसेट माझ्या कपाटात आहे.