पुलावरचा राक्षस आणि माझे कान

त्या खेळाबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट होतं आणि अजूनही फारसं सुधारलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणाला वाटायचं म्हातारा शेवटी विरघळला.

खेळ नातीचा. ती इथंच शहरात एका कंपनीत नोकरीला आहे. संध्याकाळी कामावरून आली की कानाला हेडफोन लावून टीव्हीपुढं बसते आणि हातात तलवार घेऊन डोंगरदऱ्यांतून हिंडते. दिवसा ती नसते. टीव्ही असतो आणि मी असतो. गुडघ्यांनी जीप सोडायला लावली तेव्हापासून मला उद्योग नाही. आयुष्यभर गंगापूर लाइनला काळी-पिवळी चालवली. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचो, स्टँडवर पैज लावून सांगायचो. माझ्या कानांना लोक मानायचे. आता ते कान राहिले नाहीत असं घरातले म्हणतात. माझं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

एक दिवस नातीच्या मागं लागलो, मलाही एक शिपाई काढून दे. तिनं वेगळा काढून दिला.

"आबा, वय किती द्यायचं याला?"

"तीस."

"मिशा?"

"माझ्यासारख्या."

तिनं बटनं दाबून दाबून सगळ्या मिशा दाखवल्या. "एवढ्या मोठ्या नाहीयेत यात."

माझी पहिली तक्रार तिथंच नोंदवली गेली.

पुढच्या तक्रारी सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. घोड्याचंच घ्या. शिट्टी मारली की हजर, उतरलं की गायब. त्याला वैरण नाही, पाणी नाही, लीद नाही. मला जीपला सकाळी उठून पाणी घालावं लागायचं, आणि हा शिपाई जितं जनावर पाळतोय फुकटात. दुसरं, कोणाच्याही घरात घुसायचं, मडकी फोडायची, पेटीतलं सामान उचलायचं, आणि घरधनी तिथंच उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतोय. मी पहिले काही दिवस दाराबाहेरच थांबायचो, कोणीतरी 'या' म्हणेल म्हणून. कोणी म्हटलं नाही. मी एक मडकं फोडलं नाही, त्यामुळं माझ्या शिपायाकडं शेवटपर्यंत गंजकी तलवार. एका म्हातारीला डोंगरावरची जडीबुटी आणून दिली, तर दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी तेच मागायला उभी. दुकानदार घासाघीस करत नाही. गुलमंडीच्या बाजारात असा दुकानदार आठवडाभर टिकला नसता.

ही सगळी मतं मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर लोकांना ऐकवायचो. त्यांच्यापैकी कोणी तो खेळ बघितलेला नव्हता, त्यामुळं माझ्या मताला तिथं लई वजन होतं.

पण सगळ्यात मोठी तक्रार पुलावरच्या राक्षसाची. नदीवर दगडी पूल आहे, त्याच्या मधोमध हा बसलेला. खांद्यावर ओंडका. त्याला पाडल्याशिवाय पलीकडं जाता येत नाही. आणि हा मारायचा तो दगाबाजीनं. ना इशारा, ना खबरदार. आता उभा आहे, आता ओंडका डोक्यात. मग काळ्या पडद्यावर हिंदीत मोठी अक्षरं यायची, की तुम्ही मेलात. मी टपरीवर सांगितलं, "लढाईचा बी एक दस्तूर असतो. ह्या खेळात इमान नाय."

नात म्हणाली होती, "आबा, सोपा प्रकार असतो यात. राक्षस हळू मारतो. लावून देऊ?"

"सोपा तुझ्या बापाला लावून दे," मी म्हणालो. तिचा बाप म्हणजे माझाच मुलगा, तो शेजारी जेवत बसला होता.

आवाजावरूनही घरात कटकट झाली. मी टीव्ही लावला की शेजारच्या बाई दार वाजवायच्या. बायको म्हणाली, "अवो, त्या विचारत्यात, तुमच्याकडं दुपारची कोणाची मारामारी असती?" मला राग आला. रिमोट घेतला आणि आवाज पार शून्यावर नेला. "घ्या. मला आवाज लागतच नाय." त्या दिवसापासून मी मुका खेळ खेळायला लागलो, आणि खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. तेव्हाच काहीतरी कळायला पाहिजे होतं.

मुलानं कानाचं मशीन आणून ठेवलं होतं. चिंचोक्याएवढं, पांढऱ्या डबीत. मी ती डबी कपाटात धोतराखाली सरकवली. मशीन लावलेला ड्रायव्हर मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

मग नातीला बघायला पाहुणे आले. मी घरातला मोठा, सोफ्याच्या मधोमध बसलो. नवऱ्या मुलाचे मामा शेजारी बसून हळू आवाजात काहीतरी विचारत होते आणि मी मान डोलावत होतो. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. 'हो हो, अगदी,' असंही मधून म्हणत होतो. पाहुणे खुशीत गेले. ते गेल्यावर नात माझ्यापुढं येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी.

"आबा, तुम्ही कशाला हो म्हणालात?"

"कशाला म्हणजे?"

"ते म्हणाले, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल ना. तुम्ही म्हणालात, हो हो, अगदी."

ते स्थळ तिनं नाकारलं, पण भावकीत बोभाटा झाला तो झालाच. आजोबांनी शब्द दिला आणि पोरीनं मोडला, असा. मी म्हटलं, तो मामा तोंडातल्या तोंडात बोलत होता. कोणी काही बोललं नाही. किंवा बोलले असतील.

दुसरं स्थळ देवगाव रंगारीचं आलं. मुलगा इथंच शहरात कामाला. रविवारी येणार म्हणून निरोप आला तशी नात डबी शोधून घेऊन आली.

"आबा, रविवारी हे लावायचं."

"नाय."

"मग तुम्ही आत बसायचं. मधोमध बसायचं नाही."

मी पाहुण्यांसमोर नाही? मला आत बसवणार? मी लई मोठ्यानं नाय म्हणालो. ती पण माझीच नात. म्हणाली, "ठीक आहे, पैज लावा. रविवारच्या आत पुलावरचा राक्षस पाडा. सोपा प्रकार न लावता. पाडलात तर मशीन दुकानात परत, आणि तुम्ही मधोमध. नाही पाडलात तर मशीन कानात."

तिला माहीत होतं मी पैजेला नाही म्हणणार नाही. आणि मला तेव्हा वाटलं, एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न मी राक्षसावर टाकतोय. पण पैज ती पैज.

तो आठवडा मी नुसता मरत होतो. बायको चहा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "मेलात का? का थांबू?"

"थांब जरा."

"घरात बसून रोजरोज असं मरणं बरं नव्हं. माझ्या कुंकवाचा तरी इचार करा."

संध्याकाळी नात यायची, माझ्या मागं उभी राहून बघायची. काहीतरी म्हणायची, हातवारे करायची. शाबासकी देत असेल म्हणून मी मान डोलवायचो आणि परत ओंडका खायचो.

शनिवारी दुपारी बायको भाजीला गेली. मी हरल्यातच जमा होतो. म्हटलं, उद्या हे घालायचंच आहे तर आरशात एकदा बघून घेऊ किती घाण दिसतं. डबी काढली, मशीन कानात खुपसलं.

पहिल्यांदा पंखा कुरकुरला. हा पंखा कुरकुरतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग माझ्याच चपला फरशीवर फटफट वाजायला लागल्या. बाहेर भंगारवाला ओरडत होता, तो शब्दन्‌शब्द कळला. म्हटलं, मशीन चालतंय का नाय ते नीट बघू, आणि रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

पुलाखाली पाणी वाहत होतं. म्हणजे मी महिनाभर त्या नदीवर मरत होतो आणि ती वाहते हे मला माहीत नव्हतं. घोडा खिंकाळला. मी पुढं गेलो, आणि राक्षस फुरफुरला. असातसा नाही. चढावर पहिल्या गेअरमध्ये लोड भरलेली जीप जसा दम खेचते तसा लांब दम खेचला, मग गुरगुरला, मग ओंडका उचलला. मी बाजूला झालो. ओंडका दगडावर पडला. परत फुरफुर, परत मी बाजूला.

म्हणजे हा बिचारा प्रत्येक वेळी मारायच्या आधी सगळ्या नदीकाठाला ऐकू जाईल असा ओरडून सांगत होता. आणि मी, इंजिन ऐकून बिघाड सांगणारा माणूस, साऱ्या स्टँडवर सांगत सुटलो होतो की ह्याला इमान नाही.

गंजक्या तलवारीनं वेळ लागला, पण पाडला. इतका मोठा ओरडलो की भाजीची पिशवी घेऊन जिन्यात असलेली बायको धावत वर आली. पाठोपाठ नात, तिची अर्धी सुट्टी होती.

"पाडला!" मी छाती काढून उभा राहिलो. "सोपा बिपा काय नाय. माझ्या हिमतीवर पाडला. जा, मशीन देऊन ये दुकानात!"

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. बायकोनं पिशवी खाली ठेवली.

"कानात काय हाय ते?"

मी हात लावला. काढायचं राहून गेलं होतं.

नात हसत हसत खालीच बसली. "आबा, मी रोज तुमच्या मागं उभी राहून काय सांगत होते? तो आधी फुरफुरतो, तेव्हा बाजूला व्हा. रोज सांगत होते!"

"मला वाटलं शाबासकी देतीस."

"पण पाडलात तर खरं," ती डोळे पुसत म्हणाली. "पैज तुमची. मशीन परत करू?"

"पैज मी जिंकली," मी म्हणालो, "तवा मशीन ठेवायचं का द्यायचं ते मी ठरवीन." आणि आत जाऊन बसलो. ताठा मोडायला सुद्धा जरा एकांत लागतो.

रविवारी पाहुणे आले. मी मधोमध, मशीन कानात, टोपी त्या बाजूला जरा खाली ओढलेली. पोहे झाले, चहा आला. मुलाचे काका माझ्या शेजारी होते, शेतकरी माणूस, बोलणं मऊ. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि बारीक दम घेतला. घसा खाकरला.

मी ओळखलं. आता येतोय.

"नोकरीचं म्हणजे," काका हळूच म्हणाले, "लग्नानंतर काय तसा आग्रह नसंलच म्हणा पोरीचा?"

मान डोलवायला तयारच होती, सवयीची. मी ती धरून ठेवली.

"पाहुणं," मी म्हणालो, "ह्याचं उत्तर माझ्याकडं नाय. ती समोर बसलीय. तिलाच इचारा."

खोलीत नुसता पंखा कुरकुरत राहिला. नातीनं माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं.

"आग्रह आहे," ती म्हणाली. "नोकरी सोडणार नाही."

नवरा मुलगा तोपर्यंत बशीतच बघत होता. तो म्हणाला, "काका, मी घरी तेच सांगितलं होतं." अगदी हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं. काकांनी बशी परत उचलली. "मग झालं तर," म्हणाले आणि चहा प्यायले. चार दिवसांनी होकाराचा फोन आला.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर नात म्हणाली, "बरोबर वेळेवर बाजूला झालात, आबा."

"बाजूला कुठं झालो? तुला पुढं केलं."

स्टँडवर मला माझं मत दुरुस्त करावं लागलं. निम्मंच केलं. घोडा, मडकी आणि मिशा यावर मी ठाम आहे. शिवाय पुलाच्या पलीकडं त्या राक्षसाचा थोरला भाऊ बसलाय, आणि तो मात्र खरोखर आवाज न करता मारतो. परवा दुपारभर मेलो. संध्याकाळी नातीला म्हटलं, "बघ, मी म्हणत होतो ना? ह्याला इमान नाय."

ती काहीतरी बोलली. मी मान डोलावली. मग तिनं माझ्या कानाकडं बोट दाखवलं आणि ड्रॉवरमधून मशीनचा नवीन सेल काढून हातावर ठेवला.