मिशी न दिसलेला ससाणा

भागुजीतात्या म्हणजे माझे चुलते. खोडदला एकतीस वर्षं कोतवाल होते. कोतवालाचं काम काय, तर सरकारी निरोप घरोघर पोचवायचा आणि पंचनाम्याला पाच पंच गोळा करून आणायचे. गारपीट असो, पडलेली भिंत असो, नाहीतर बिबट्यानं उचललेली शेळी असो, 'आम्ही समक्ष पाहिले' या ओळीखाली सह्या-अंगठे घेण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पंच बहुतेक वेळा तात्यांच्या ओसरीवर चहा पिता पिताच समक्ष पाहायचे.

असा माणूस पाखरांच्या नादी लागला हे मला अजूनही पटत नाही. १९९४ साली पुण्याहून काही पक्षीवाले आले. वाट दाखवायला तात्या बरोबर गेले. जाताना त्या मंडळींनी त्यांना एक जुनी दुर्बीण आणि चित्रांचं फाटकं पुस्तक दिलं, आणि एक नियम सांगितला: खात्रीनं ओळखता येईल एवढा दिसला, तोच पक्षी मोजायचा. दुसऱ्या कुणी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. तात्यांनी वहीत दोन रकाने आखले. एक 'दिसला' आणि दुसरा 'दिसल्यासारखा झाला'.

२००३ च्या डिसेंबरात पहिल्या रकान्यात एकशे नव्व्याण्णव पक्षी होते आणि दुसऱ्यात चारशेच्या वर. तो दुसरा रकाना वाचताना मला हसू आवरायचं नाही. 'बाभळीत शेपूट. मालक दिसला नाही.' 'तपकिरी. मला शिंक आली.' 'फार छान होता. कोण होता माहीत नाही.'

दोनशे झाले की पुण्याची मंडळी आपल्या वार्षिक पुस्तिकेत नाव छापायची. तात्यांना ते नाव हवं होतं. अगदी लहान मुलासारखं हवं होतं. त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावाही त्याच वाटेवर, आणि ऑपरेशन म्हटलं की तात्यांना दरदरून घाम फुटे. होईल ते आत्ताच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि मग तो ससाणा आला. आमच्या कांद्याच्या वावराला लागूनच रेडिओ दुर्बिणीची एक अवाढव्य डिश आहे. आकाशाच्या पार टोकाचं ऐकण्यासाठी सरकारनं बांधलेली. तिच्या काठावर पाखरू येऊन बसलं, ते आमच्याकडे पाठ करून. बहिरी ससाणा असेल तर तात्यांचे दोनशे पुरे, आणि लगर ससाणा असेल तर तो वहीत आधीच होता. फरक मिशीचा. डोळ्याखालचा काळा पट्टा रुंद असेल तर बहिरी, बारीक असेल तर लगर. म्हणजे तोंड दिसल्याशिवाय काही खरं नाही.

पाच दिवस तात्या बांधावर बसून होते. "वळा की जरा, राव," असं पाखराला अहोजाहो करून विनवायचे. शकुकाकू भाकरी घेऊन यायची आणि नवऱ्याकडे न बघता भाकरी ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी पाखरानं मान वळवायला घेतली आणि त्याच वेळी डिश हलली. ती कोणत्या ताऱ्याच्या मागे निघाली होती देव जाणे, पण पाखराला घेऊन पलीकडे फिरली. तात्या धोतर सावरत कुंपणाच्या कडेकडेनं पळाले, चिमाजीचा कांदा तुडवत पलीकडच्या अंगाला पोचले, धापा टाकत दुर्बीण लावली. डिश परत पहिल्या जागी येत होती. त्या दिवशी वहीत नोंद झाली: 'पाठ. पुन्हा पाठ.'

चिमाजी आमचा माजी उपसरपंच. त्याला सत्कार करायची भारी हौस. तात्यांच्या सत्काराचं बॅनर त्यानं नारायणगावहून आधीच रंगवून आणलं होतं: 'पक्षी-द्विशतकवीर'. कांदा तुडवल्याबद्दल भांडायला म्हणून आला आणि सगळी हकिगत ऐकून खूश झाला.

"आवो तात्या, मग अडलंय कुठं? पंचनामा करून टाकू!"

संध्याकाळच्या आत पाच पंच ओसरीवर हजर. आमच्या लोकांना सवय अशी की पहिल्यांदा सही, मग चहा, मग विषय. गेणभाऊंनी अंगठा उठवला आणि शाई डोक्याला पुसत विचारलं, "कुणाची शेळी?"

"शेळी न्हाई, ससाणा," चिमाजी म्हणाला. "मिशी पायली ना तुमी?"

"पायली की. लई भरदार व्हती."

"भरदार न्हाई, तलवारकट," कुंडलिक म्हणाला. तो दिवसभर मंचरच्या बाजारात होता. तिसऱ्यानं दाढीही पाहिली होती. उरलेल्या दोघांचं म्हणणं, तुम्ही ठरवाल ती मिशी आम्हाला मान्य. मी मास्तर माणूस, माझ्या पोटात हसून हसून दुखायला लागलं.

कागद तात्यांपुढे आला. मजकूर त्यांनीच लिहायचा, कारण तो त्यांना तोंडपाठ. तात्यांनी पेन उघडलं, 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' एवढं लिहिलं, आणि थांबले. माझं हसू आपोआप विरलं.

"चिमाजी," ते म्हणाले, "पुरात तुझी हीर बुजली म्हनून पंचनामा केला व्हता. ती हीर म्या पायली न्हाई. कुणीच पायली न्हाई. एकतीस वर्सं मी न पायलेलं पायलं म्हनून लिवत आलो. ही एक वही खरी हाय, भावा. ही तरी राहू दे."

विहिरीचा विषय निघाल्यामुळे चिमाजी चहा न पिताच उठला. ते बॅनर त्यानं पुढे कांद्याच्या ढिगावर घातलं. त्या ओसरीवर मला तात्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या सख्ख्या बापाचाही कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही याची मला आजही चुटपुट लागते.

चार दिवसांनी, भर सकाळी, ससाणा आपण होऊन आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबावर येऊन बसला. तोंड इकडे. वीस पावलांवर. तात्यांनी दुर्बीण लावली, काच पुसली, डोळा पुसला, परत लावली.

"नुसता धूर दिसतुया," ते म्हणाले. "तू बघ गं."

शकुकाकूनं आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतली. "ही काय मिशी. चांगली दोन बोटं रुंद, काळीकुट्ट. ह्येच्यासाठी पाच दिस भाकऱ्या वाहिल्या व्हय मी?"

"रुंद? नक्की?"

"आवो, माज्याकडंच बघतुय."

ससाणा उडाला. मी म्हणालो, "तात्या, घरातल्याच माणसानं पाहिलाय, घाला वहीत." त्यांनी मान हलवली. आत जाऊन कोरी वही आणली, दोन रकाने आखले, वर काकूचं नाव लिहिलं आणि खाली एक आकडा घालून 'बहिरी ससाणा'. एका कोतवालाच्या बायकोचा पहिलाच पक्षी असा, की ज्यासाठी पुण्याची माणसं वर्षानुवर्षं माना मोडतात.

काकूनं वही उलटसुलट पाहिली. "आन् साक्षीदार म्हनून तुमची सही?"

तात्या दुखावल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले.

"मी कशी करू? म्या कुठं पायलाय?"