चोविसाव्या हातानंतर

वामनराव गेल्याचं पत्र शहाद्याहून आलं तेव्हा मी वर्गावर होतो. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पाढे तसेच चालू ठेवले... दुसरं काही सुचेना. गोमाईकाठच्या एका लहान गावात आम्ही सात वर्षं एकत्र शिकवलं. एकच खोली, मधे गोणपाटाचा पडदा.

गावानं तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी एकशेवीस रुपये वर्गणी जमवली होती. खोदणारे दोन मुकादम आले. पहिल्याला सुरुंग-अवजारांचे चाळीस रुपये आगाऊ हवे होते, वर खोदाईच्या दर हातामागे तीन. दुसऱ्याला आगाऊ काही नको, पण हातामागे पाच. पाटलांचा कल दुसऱ्याकडे होता. वामनराव एरवी बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी पाटलांना शाळेत आणलं आणि कोळशानं भिंतीवर दोन समीकरणं मांडली. विहीर किती हात खोल जाईल त्याला क्ष, खर्चाला य. य बरोबर चाळीस अधिक तीन क्ष. आणि य बरोबर पाच क्ष. वीस हातांवर दोघांचा खर्च सारखाच, शंभर रुपये. त्याच्या आत पाणी लागलं तर दुसरा स्वस्त, त्याहून खोल जावं लागलं तर पहिला.

"मास्तर, भिंतवर लिखीसन पानी लागस का?" पाटील म्हणाले.

"नाही लागत. ते किती खोल आहे, हे कुणाला तरी विचारावं लागेल."

वामनराव पाटलांना घेऊन निघाले ते थेट वाटेवर. पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या ठगूबाईला त्यांनी थांबवलं.

"मन्हा दोर तेवीस हात शे," ती म्हणाली. "चैतमा आखो दोन हात जोडना पडस."

पंचवीस. पाटलांनी पहिल्या मुकादमाला होकार कळवला.

चोविसाव्या हातालाही दगड कोरडाच निघाला. दुसऱ्याच्या दरानं वर्गणी तिथंच संपली असती; आमच्याकडे अजून आठ रुपये होते. तरी वामनराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "समीकरण चुकलेलं नाही हो. पण पैसे लोकांचे आहेत..." सव्विसाव्या हाताला पाणी लागलं. विहिरीवर गर्दी जमली तेव्हा ते शाळेतच पाट्या तपासत बसले होते.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. ठगूबाई आता थकली आहे. बातमी ऐकून ती माझ्यासोबत शाळेपर्यंत चालत आली. भिंतींना चुना लागलेला होता. फक्त एका कोपऱ्यात हातभर जागा सोडलेली. तिथं वामनरावांच्या अक्षरात होतं: 'ठगूबाई, पंचवीस हात.'

"तेन्हा आधी मन्हं नाव कोनी लिखेल नव्हतं," ती म्हणाली. "चुना लावाले मीच येस दरसाल. तेवढं सोडी देस."